बोंड फुटल्याचा साक्षीदार

अर्जदार : प्रभाकर, वय त्रेपन्न, व्यवसाय अर्जलेखन, बैठक तहसील कार्यालयाच्या फाटकाबाहेर लिंबाखाली, मुक्काम घाटंजी. तसेच सरचिटणीस, रुईगोदाम संगीत मंडळ.

गैरअर्जदार : शायर सुखदेव, नगराच्या पाण्याचे व्हॉल्व्ह फिरवणारे, उक्त मंडळाचे मुख्य गायक. सध्या हयात नाहीत.

घटनेचा दिनांक : गेल्या महिन्यातील शेवटचा रविवार, सकाळ, नळ येण्याची वेळ.

साक्षीदार : एक, गैरअर्जदाराची कन्या रत्नमाला, आरोग्य उपकेंद्रातील परिचारिका. दोन, गुलाबराव, मंडळाचे ढोलकीवादक. तीन, शायर रहीमभाई, वणीच्या कोळसा खाणीवर डंपर चालवतात आणि मंचावर गैरअर्जदाराचे कायमचे प्रतिस्पर्धी.

तक्रारीचा विषय : अंगावर सवाल उभा असताना, ऐन हंगामाच्या तोंडावर, कोणासही पूर्वसूचना न देता कायमचे निघून जाणे.

महोदय,

येथवर आपणास ‘महोदय’ म्हटले, कारण नमुना तसा आहे. यापुढे ते माझ्याने होणार नाही. शाळेत ज्याच्याशी एका बाकावर बसलो आणि ज्याच्याबरोबर एकाच वर्षी नापास झालो, त्याला ‘आपण’ लिहिले तर तू असशील तिथे मांडी थोपटून हसशील. म्हणून यापुढे ‘तू’. या दुरुस्तीखाली माझी सही आहे असे समजावे.

सुखदेवा, सर्वप्रथम कळविण्यात येते की हंगाम रद्द झालेला नाही. हे वाक्य मी सगळ्यात आधी लिहिणार होतो, परंतु नमुन्यात त्यासाठी रकाना नव्हता. हंगाम होत आहे. येत्या शनिवारपासून सलग चार शनिवार. फलक रंगवून फाटकावर चढला आहे, सतरंज्या झटकून उन्हात घातल्या आहेत, आणि ध्वनिक्षेपकाच्या परवानगीचा अर्ज मी स्वतः ठाण्यात दिला आहे. तीन पानी होता. तिथला कारकून म्हणाला, ‘‘साहेब, एका पानात आना ना.’’ मी त्यास नम्रपणे सांगितले की शायर सुखदेव यांच्यानंतरचा हा पहिला कार्यक्रम असून एका पानात मावणारी ती बाब नाही. परवानगी मिळाली. शिक्का सुबक बसला आहे.

हा कागद पहिला सामना उरकल्यावर फलकाशेजारी चिकटवायचा आहे, त्याआधी नाही, असे गुलाबला बजावले आहे. तो नवखी माणसेही वाचतील, म्हणून त्यांच्यासाठी थोडा खुलासा. आपले मंडळ भरते ते बंद पडलेल्या जिनिंगच्या रुईच्या, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाच्या, गोदामात. भिंती जाड, खिडकी नाही, आणि आढ्याच्या सांदीत जुन्या रुईचे पुंजके अजून अडकलेले. शंभरेक माणसे दाटीवाटीने बसतात. तुझा सिद्धांत असा की, ‘‘अठी आवाज भिंतीले लागून वापस येत नाही, रुईत बुडते. म्हून खरा आवाजच ऐकू येते, खोटा मरते.’’ मी या सिद्धांतास कधीही लेखी मान्यता दिली नाही. पण परगावचा गायक पहिल्यांदा इथे सूर लावून दचकतो आणि मग हसतो, ते मी दरवेळी पाहिले आहे.

आता हंगाम ऐक. पहिल्या शनिवारी आपला आणि वणीचा दुय्यम, म्हणजे दोन पार्ट्यांचा, सामना. त्याविषयी सविस्तर खाली. दुसऱ्या शनिवारी ढाणकीचा तो सनईवाला, ज्याच्या मागे तू दोन वर्षे लागला होतास. माणसाने उभा जन्म वरातीपुढे चालत वाजवले. मागे नवरदेव नाही, पुढे घोडा नाही आणि लोक फक्त ऐकायला बसले आहेत, असे त्याच्या आयुष्यात प्रथमच घडणार. मला फोनवर विचारतो, ‘‘साहेब, बसून वाजवाचं त पायाचं काय करू?’’ मी त्यास कळवले की पाय हा कलावंताच्या मर्जीचा विषय असून मंडळ त्यात हस्तक्षेप करणार नाही. तिसऱ्या शनिवारी बंजारा तांड्यावरच्या बाया त्यांच्या गोरबोलीत गाणार. मध्येमध्ये कोणी अर्थ सांगत बसायचे नाही, ही त्यांची अट मी मान्य केली आहे. आणि चौथ्या शनिवारी यवतमाळच्या कॉलेजातली ती गिटारवाली पोरे. तू त्यांना होय म्हटले होतेस, मी नाही म्हटले होते. दुसरा पक्ष गैरहजर असताना वाद आपल्या बाजूने निकाली काढणे न्यायाचे झाले नसते, म्हणून त्यांना बोलावले. माझा विरोध कायम आहे, याची नोंद घ्यावी.

फलक मीच लिहिला. ‘तमाम रसिक नागरिकांस याद्वारे कळविण्यात येते की’ अशी सुरुवात केली, आणि ब्रश तिथेच थांबला. कारण तू मागे उभा राहून म्हणायचास, ‘‘अबे वकीला, हे गान्याचं बोलावनं होय का जप्तीची नोटीस? लोक वाचूनच जमीन सोडून पळतीन.’’ मी वकील नाही हे ठाऊक असून तू मला वकील म्हणायचास, आणि मला ते आवडते हेही तुला ठाऊक होते. तुझ्या मते फलकावर फक्त ‘शनिवार, गोदाम, या’ एवढे असावे. मी म्हणायचो, गाणे कोणाचे, किती वाजता, कोणाच्या अनुमतीने, हे लिहिले नाही तर मंडळाची इभ्रत काय राहिली? दर हंगामाला हा वाद व्हायचा आणि दर हंगामाला फलक माझ्या मनासारखा लागायचा. यंदाही माझ्याच मनासारखा लागला आहे. जिंकण्यात मजा आली नाही. तरी मजकूर उत्तम उतरला आहे आणि लोक थांबून थांबून वाचत आहेत. चहाच्या टपरीवर मला रोज कोणीतरी अडवतो, ‘‘साहेब, शनिवारी पुढची जागा धराल का?’’ शनिवारची गोदामाची गर्दी मला आत्ताच डोळ्यांपुढे दिसते. लिंबाखाली बसून दुसऱ्याच्या वारसनोंदीचा अर्ज लिहिताना काल मी चुकून ‘वारस’च्या जागी ‘सामना’ लिहिले. पक्षकार भला माणूस होता, त्यानेच नवा कागद आणून दिला.

सामना म्हणजे काय, हेही नवख्यांना सांगितले पाहिजे. दोन गायन पार्ट्या एका मंचावर. एकीने सवाल गायचा, दुसरीने गाण्यातच जवाब द्यायचा. जवाब सुचला नाही तर सवाल ‘उभा’ राहतो, पुढच्या सामन्यापर्यंत. हे सगळीकडे आहे. आपल्या गोदामात मात्र आणखी एक दंडक आहे आणि तो माझ्या सूचनेवरून घातलेला आहे. शायराने ‘मी पाहिले, मी ऐकले’ असे स्वतःच्या अनुभवाचे गायले, तर समोरचा शायर साक्षीदार मागू शकतो. मग गाणे थांबते, साक्षीदार मंचावर येतो, बोलतो, आणि साक्ष पुरेशी आहे की नाही हे सवाल करणारा ठरवतो. तू तेव्हा म्हणाला होतास, ‘‘वकीला, तू गान्यातही कोर्ट घुसवलं.’’ पण लोकांना हा दंडक गाण्याइतकाच आवडला.

त्याच दंडकात तू अडकलास. गेल्या हंगामाच्या शेवटच्या सामन्यात, रहीमभाईने तुझ्या केसांच्या कलपावर दोन ओळी गाऊन लोकांना लोळवले होते. तू चिडलास, आणि चिडलास की तुला जागेवर सुचायचे. हार्मोनियमवर हात आपटून उठलास :

दुपारच्या उन्हात बसलो कपाशीच्या धुऱ्यावर,
बोंड फुटलं, म्या ऐकलं, गानं धरलं त्या सुरावर!

गोदाम उठून उभे राहिले. रहीमभाई मात्र बसूनच होता. टाळ्या शमू दिल्या, मग शांतपणे लावले :

बोंडाले ना जीभ ना कंठ, आवाज कोनं ऐकला?
साक्षीदार आना शायर, नाही त बोल फेकला!

तुझ्या कपाळावरचा घाम मी निवेदकाच्या जागेवरून पाहिला. तू माइक ओढून म्हणालास, ‘‘साक्षीदार आहे. पुढच्या सामन्यात उभा करतो.’’ घरी जाताना मी विचारले, कोण रे? तू म्हणालास, ‘‘तू अर्ज लिही, मी गानं करतो. आपापल्या लाइनीत राहू.’’ त्यानंतर कितीदा विचारले, तू नाव सांगितले नाहीस. आणि मग तो रविवार आला. नळाला पाणी आले, पण व्हॉल्व्हवरून नेहमी ऐकू येणारी तुझी शीळ आली नाही.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी सगळे तुझ्या अंगणात होते. वंदना झाली होती, लोक चहा घेत होते. रहीमभाई वणीहून बसने आला. ‘जय भीम’ म्हणून तुझ्या फोटोपुढे बराच वेळ उभा राहिला. मग रत्नापाशी जाऊन खाली बसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, ‘‘बेटी, मी सवाल वापस घेतो. सामनेवालाच नाही राह्यला, त सवाल कोनाले करू? शनिवारी आमची पार्टी येईन, दोन गानी तुझ्या बाबाच्या नावानं म्हनून जाईन. बात खतम.’’

माणसे गहिवरली. मीही रुमाल काढला. एवढा उमदेपणा मी तहसीलच्या आवारात कधी पाहिलेला नाही. रत्ना मात्र मान हलवत होती.

‘‘नाही काका. सवाल उभाच राहू द्या.’’

‘‘अवं पोरी, मेलेल्या मानसाची अदब असते काही.’’

‘‘तुमची अदब कबूल आहे. पन सवाल वापस गेला त लोक काय म्हनतीन? सुखदेव फेकून राह्यला होता, मेला म्हून सुटला. तुमच्या अदबीनं माहे बाबा जन्माचे खोटे ठरून राह्यले काका.’’

रहीमभाईने दाढीवरून हात फिरवला. मग म्हणाला, आणि त्याच्या आवाजात मंचावरची धार आली होती, ‘‘बराबर बोलली. उभा ठेवतो सवाल. जवाब कोन देईन?’’

‘‘मी.’’

‘‘आन साक्षीदार?’’

रत्नाने बोट केले. ‘‘हे काय बसले. प्रभाकरकाका. बाबानं घरी सांगतलं होतं, वकील संग होता म्हून.’’

माझ्या हातातला चहा शेजारच्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर सांडला. आयुष्यभर मी इतरांच्या साक्षीदारांची नावे लिहिली, वडिलांच्या नावासकट, पत्त्यासकट. माझे स्वतःचे नाव त्या रकान्यात कोणी घातले नव्हते. सुखदेवा, तू घातलेस, आणि मलाच सांगितले नाहीस.

ती दुपार मला आठवते. आपण तांड्यावरच्या बायांना गाण्याचे निमंत्रण द्यायला निघालो होतो. दिवाळी होऊन गेली होती, ऊन तरी भाजत होते. मोटारसायकलचे मागचे चाक पंक्चर झाले. फाट्यावरच्या पंक्चरवाल्याला फोन करून आपण कपाशीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसलो. तू गुणगुणत होतास आणि मी तुला एका अर्जाचा मसुदा वाचून दाखवत होतो. मध्येच तू माझ्या गुडघ्यावर हात ठेवलास.

‘‘ऐकलं?’’

‘‘काय?’’

‘‘फुटलं.’’

‘‘काय फुटलं? ट्यूब त मघाच फुटली.’’

‘‘अबे बोंड! बोंड फुटलं आत्ता.’’

‘‘बोंडाले आवाज नसते सुखदेवा. असता, त कापसाच्या दिवसात अख्खा जिल्हा बहिरा झाला असता.’’

‘‘तू अर्ज वाचून राह्यला होता, म्हून नाही आला तुले.’’

तिथून तांड्यापर्यंत, तांड्यावरून घरापर्यंत आणि पुढे दोन वर्षे आपण भांडलो. मी पुरावा मागितला, तू मला बहिरा म्हटलेस. अशा परिस्थितीत, ज्या माणसाने काहीही ऐकले नाही असे तुला शंभरदा सांगितले, त्यालाच तू साक्षीदार नेमलेस! हा कुठला कायदा?

रत्नाच्या तालमी रोज संध्याकाळी गोदामात चालू आहेत. तू तिला मागे कोरसात बसवायचास. मी म्हणायचो पुढे आण, तू म्हणायचास अजून कच्ची आहे. हा वाद आता निकाली निघाला आहे आणि निकाल माझ्या बाजूचा आहे. सुखदेवा, तुझा आवाज माणसांवर चालून यायचा. तिचा आवाज माणसांना बसायला जागा देतो. परवा ती पहिल्या ओळीवर आली आणि गुलाबची बोटे ढोलकीवर थबकली. त्याने डोळे पुसले आणि मला ओरडला, ‘‘धूळ किती आहे अठी साहेब, झाडू माराले सांगा कोनाले!’’ मला तर उठून नाचावेसे वाटले. पदास शोभणार नाही म्हणून बसून राहिलो, पण पाय हलत होते. शनिवारी लोक वेडे होणार आहेत, हे मी जबाबदारीने लिहितो.

आणि तिथेच माझी अडचण आहे. तिचा जवाब अर्ध्यावर येतो, ती माझ्याकडे हात करते, ढोलकी थांबते, आणि मी बोलायचे असते. गुलाब म्हणतो, ‘‘साहेब, एकच शब्द त आहे. ‘ऐकलं’ म्हना आन खाली बसा. कोन तुमाले शपथ घालून राह्यलं?’’

मी त्यास ठणकावले. लिंबाखाली एका चहावर साक्ष देणारे मी रोज पाहतो. जो जागेवर नव्हता त्याचे नाव माझ्या हाताने आजवर कागदावर चढले नाही, आणि स्वतःपासून मी ती सुरुवात करणार नाही. गुलाब पुटपुटला, ‘‘मंग नाही ऐकलं म्हना, आन बुडवा त्याले.’’ मी रत्नाकडे पाहिले. ती म्हणाली, ‘‘काका, खोटं बोलू नका. बाबाच्या गान्यात खोटं घालाचं असतं, त मले साक्षीदार कायले लागला असता? जे ऐकलं तेच सांगा.’’

जे ऐकले तेच. हे वाक्य घेऊन मी घरी आलो. ‘नाही’ म्हणावे तर भरल्या गोदामात तू खोटा ठरतोस, तेही तुझ्या लेकीच्या गाण्यात. ‘होय’ म्हणावे तर मी खोटा. पत्नीने विचारले, ‘‘कोट इस्त्रीला देऊ का? साक्षीला घालाल ना?’’ मी म्हटले, दे. पण कोटाच्या आत काय घालायचे ते ठरत नव्हते.

ते काल ठरले. तालमीत पुन्हा ती जागा आली. रत्ना थांबली, पेटीचा सूर विरला, ढोलकी थांबली. एकदम सामसूम. आणि त्या शांततेत मला ती दुपार ऐकू आली. पाहिली नाही, ऐकली.

सुखदेवा, तू गाणे मध्येच तोडणारा माणूस नव्हतास. लाइट गेली तरी तुझी ओळ अंधारात पूर्ण व्हायची. मंचावर कुत्रे चढले तेव्हा तू त्याच्यासकट अंतरा संपवलास. माइक बंद पडला, पाऊस पत्र्यावर कोसळला, खाली मारामारी झाली, तू समेवर आल्याशिवाय थांबला नाहीस. माझे अर्ज तू कायम गुणगुणतच ऐकलेस, त्याचा मला रागही यायचा. त्या धुऱ्यावर मात्र तुझे गुणगुणणे ओळीच्या मधोमध तुटले. आधी ते तुटले, मग गुडघ्यावर हात आला. मी मान वर केली तर तू कपाशीकडे असा पाहत होतास की जणू तिथून कोणी तुला नावाने हाक मारली आहे. तुझ्या तोंडावर तसा आनंद मी टाळ्यांच्या कडकडाटातही पाहिला नव्हता. तेवढ्यात मी ट्यूबचा विनोद केला आणि वाद सुरू झाला. तुझ्या चेहऱ्याविषयी तुला सांगायचे राहून गेले. दोन वर्षे आपण आवाजावर भांडत होतो, त्यात चेहऱ्याचा विषय निघालाच नाही.

तर माझी साक्ष अशी : ‘मी प्रभाकर, प्रत्यक्ष हजर होतो. बोंड फुटल्याचा आवाज मी ऐकला नाही. शायर सुखदेव ओळीच्या मधोमध गप्प झाले, ते मी ऐकले.’

एवढेच. एक शब्द कमी नाही, जास्त नाही. रहीमभाईला ती पुरेल की नाही, हे शनिवारी त्याने ठरवायचे आहे. तो इतकी वर्षे तुझ्यासमोर बसला आहे, तुला थांबवण्याचा त्याने जिवापाड प्रयत्न केला आहे आणि त्याला ते कधी जमले नाही. मला वाटते, तुला कशाने थांबवले असेल हे त्याच्याइतके कोणाला कळणार नाही. पण मी निकालाविषयी आधी बोलत नाही. ही साक्ष मी अद्याप रत्नाला सांगितलेली नाही, गुलाबला नाही, घरीही नाही. तालमीत त्या जागी मी नुसता खाकरतो. साक्ष ज्याच्याबद्दल आहे त्याने ती आधी ऐकावी, ही रीत मला योग्य वाटते.

सबब विनंती की, उपरोक्त साक्ष आपणास मान्य आहे किंवा कसे, याचा खुलासा येत्या शनिवारी संध्याकाळी हार्मोनियमचा पहिला सूर लागण्यापूर्वी अर्जदारास मिळावा. हरकत असल्यास ती आपल्या नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे मोठ्याने आणि चारचौघांत, नोंदवावी. अर्जदार ती आनंदाने ऐकून घेईल, हवी तितकी वर्षे. मुदतीत काहीही ऐकू न आल्यास आपली संमती आहे असे गृहीत धरून अर्जदार कोट घालून मंचावर उभा राहील.

साक्ष मान्य असेल तर, सुखदेवा, त्या वेळेपुरते पुन्हा एकदा गप्प राहावे, ही नम्र विनंती.

अर्जदार,
प्रभाकर